मुंबईच्या उकाड्यात गेमिंग संगणक: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुटे भाग निवडून गेमिंगचा संगणक असेंबल करून घेणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत, आणि त्यातील बहुतेकांची काळजी एकच आहे: मुंबईच्या दमट उकाड्यात हा संगणक थंड कसा राहील? त्यांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सुट्या भागांच्या किमती सतत वरखाली होत असल्याने उत्तरांत किमतींचा उल्लेख टाळला आहे.

प्रश्न: मी नुकताच नोकरीला लागलो असून साठवलेल्या पैशांतून गेमिंगसाठी संगणक असेंबल करून घेणार आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड आणि १४४०पी मॉनिटर एवढे ठरले आहे. माझी खोली दहा बाय बाराची आहे आणि तिथे एसी नाही. मुंबईच्या हवेत ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लावल्याशिवाय हा प्रोसेसर टिकणार नाही, असे लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने सांगितले. बाबांचे म्हणणे असे की कूलर कोणताही लावला तरी खोलीची भट्टी होणारच. कूलरवर एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर: आपल्या बाबांची शंका दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा मुद्द्याला अधिक धरून आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते. आपण निवडलेल्या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा २५० वॅट आहे, हा प्रोसेसर खेळताना साधारण ५० ते ८० वॅट घेतो, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे व एसएमपीएसमध्ये (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज धरली तर भिंतीवरच्या प्लगमधून ४०० वॅटच्या आसपास वीज ओढली जाईल. म्हणजे संध्याकाळी चार तास खेळल्यास दीड युनिटाहून थोडी अधिक वीज खर्च होईल आणि ती सारी उष्णता आपल्या खोलीत साठेल. कूलर हवेचा असो की पाण्याचा, या आकड्यात फरक पडत नाही; कूलर उष्णता चिपवरून उचलून हवेत सोडतो, ती नाहीशी करत नाही.

दुसरी गोष्ट अशी की बाजारात मिळणारा नेहमीचा कोणताही लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, कारण त्याच्या रेडिएटरमधून (द्रव थंड करणाऱ्या जाळीच्या भागातून; ३६० मिलिमीटर हे त्याचेच माप) वाहणारी हवा खोलीतलीच असते. परदेशी परीक्षणांतील तापमानाचे आकडे वाचताना हे विशेष लक्षात ठेवावे. त्या चाचण्या बहुधा २१-२२ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत घेतलेल्या असतात. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी नसलेल्या आपल्या खोलीत संध्याकाळी ३२-३३ अंश सहज असतील. परीक्षणात प्रोसेसर ७० अंशांवर दिसला, तर आपल्याकडे तो ८० च्या पुढे दिसेल, आणि तसे दिसणे हा बिघाड नव्हे.

आता या प्रोसेसरविषयी. रायझन ७८००एक्स३डीमध्ये जादा कॅशे मेमरीचा (प्रोसेसरच्या आतल्या अतिवेगवान मेमरीचा) थर गणन करणारे कोअर्स असलेल्या चिपच्या वर रचलेला आहे. त्यामुळे वीज कमी लागत असूनही कोअर्समधली उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचायला जास्त अडथळा येतो, आणि त्याचे तापमान पटकन चढते. तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीने त्याची तापमानमर्यादा ८९ अंश ठेवली आहे व ती गाठण्यापूर्वी तो स्वतःच वेग आवरता घेतो. ही अडचण चिपच्या आतली असल्याने बाहेर कितीही मोठा रेडिएटर बसवला तरी तिच्यावर मर्यादितच परिणाम होतो. दोन मनोरे (धातूच्या पातळ पट्ट्यांचे उभे गठ्ठे) आणि दोन पंखे असलेला चांगला एअर कूलर या प्रोसेसरला पुरून उरतो, हे मी निःशंकपणे सांगतो. ७८००एक्स३डीच्या खोक्यात कंपनीचा कूलर येत नाही, तेव्हा तो वेगळा घ्यावाच लागेल. ३६० चा लिक्विड कूलर खरोखर कामी येतो तो इंटेल कोअर आय९-१४९००केसारख्या २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकणाऱ्या प्रोसेसरवर, आणि तोही तासन्‌तास व्हिडिओ रेंडरिंग चालणार असेल तेव्हा. लिक्विड कूलरमध्ये पंप हा झिजणारा भाग असतो आणि नळ्यांतून द्रवही वर्षानुवर्षे अतिशय हळूहळू कमी होत जातो. एअर कूलरचा पंखा गेला तर तो एकटाच बदलून काम भागते.

वाचणारा पैसा कुठे घालावा, याचे माझे उत्तर आहे: कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो बाहेरचा डबा. आपल्या संगणकातील सर्वांत मोठी शेगडी ग्राफिक्स कार्ड आहे, आणि ते आपली २५० वॅट उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडते. ती तिथेच फिरत राहिली, तर प्रोसेसरच्या कूलरला तीच गरम हवा मिळते. साधे गणित करून पाहू. कॅबिनेटमधून ३५० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि आत आलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांपेक्षा अधिक तापू नये असे ठरवले, तर ताशी साधारण १०५ घनमीटर हवा आरपार वाहायला हवी. १२० मिलिमीटरचा एक पंखा खोक्यावर लिहिलेल्या आकड्यानुसार मोकळ्या हवेत जवळपास एवढी हवा ढकलतो, पण गाळणी, जाळी आणि तारांच्या अडथळ्यांमधून प्रत्यक्षात बरीच कमी ढकलतो. म्हणून पुढून दोन किंवा तीन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, अशी मांडणी ठेवावी. पुढची बाजू जाळीचीच असावी. दर्शनी भागात अखंड काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेली कॅबिनेटे दुकानात फार आकर्षक दिसतात, पण काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून येणारी हवा या कार्डाला पुरत नाही.

पंख्याची दिशा ओळखण्यासाठी त्याच्याकडे नीट पाहावे. ज्या बाजूला मोटरला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ज्या बाजूने पाती मोकळी दिसतात, तिकडून ती आत ओढली जाते. संगणक जोडून झाल्यावर एक पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर काही क्षण धरावी. धूर सरळ आत खेचला जाऊन मागच्या पंख्यातून बाहेर आला, तर मांडणी बरोबर आहे. धूर जाळीशी येऊन परत फिरत असेल, तर एखादा पंखा उलटा बसला आहे.

खरेदीपूर्वी मापे पडताळणे अत्यावश्यक आहे. दोन मनोऱ्यांचे एअर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. ती किमान पाच मिलिमीटरने अधिक असलेली बरी. तीन पंख्यांची ग्राफिक्स कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब असू शकतात. पुढच्या बाजूला रेडिएटर बसवला, तर साधारण २७ मिलिमीटर रेडिएटर आणि २५ मिलिमीटर पंखे मिळून तेवढी जागा कार्डाच्या लांबीतून जाते, हे बरेच जण विसरतात. कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या वर येतो, म्हणून उंच शोभेची पट्टी असलेली रॅम टाळावी.

बाकी भागांविषयी थोडक्यात: डीडीआर५-६००० वेगाच्या १६ जीबीच्या दोन रॅम, बी६५० चिपसेटचा मध्यम दर्जाचा मदरबोर्ड, आणि मदरबोर्डसोबत येणाऱ्या धातूच्या पट्टीखाली बसणारी एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवण्याचा वेगवान भाग) एवढे पुरे. एनव्हिडियाने या कार्डासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. आपण ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड प्रतीचा (वीज कमी वाया घालवणारा) घ्यावा. वाचलेल्या पैशांत आरटीएक्स ५०७० टीआयकडे उडी घेण्याचा मोह होईल, कारण त्यात १२ ऐवजी १६ जीबी मेमरी आहे. परंतु ते कार्ड ३०० वॅटचे आहे. एसी नसलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी ५० वॅट सोसण्यापेक्षा तो पैसा चांगल्या मॉनिटरकडे वळवावा, असे मला वाटते.

आता बाबांच्या भट्टीकडे परत येऊ. खोलीचा उपाय संगणकाच्या आत नाही, खोलीतच करावा लागेल. कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात कॅबिनेट मुळीच ठेवू नये. मागची बाजू भिंतीपासून किमान वीतभर दूर ठेवावी. खिडकीच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट फॅन बसवून समोरचे दार किलकिले ठेवले, तर गरम हवा साठत नाही. छताचा पंखा अंगाला वारा देतो, पण बंद खोलीत तीच हवा फिरवतो. याच्या जोडीला दोन मोफत उपाय आहेत. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर खेळातील फ्रेम्स (पडद्यावर उमटणारी चित्रे) सेकंदाला १४० वर रोखाव्यात, आणि ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८५ ते ९० टक्क्यांवर आणावी. खेळाच्या गतीत फरक किरकोळ पडतो, मात्र खोलीतील २५ ते ४० वॅट उष्णता कमी होते आणि पंख्यांचा आवाजही उतरतो.

शेवटी जोडणीविषयी. कूलरच्या तळाच्या तांब्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते. ती न काढताच कूलर बसवल्याने संगणक सुरू होताच तापमान ९० च्या वर गेल्याची उदाहरणे दुरुस्तीवाल्यांकडे नेहमी येतात. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. संगणक दुकानातच जोडून घेणार असाल, तर भांडुपपर्यंत आणताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवायला सांगावे. किलोभर वजनाचा कूलर आणि लांब कार्ड मदरबोर्डावर लटकत असताना खड्ड्यांतून टॅक्सीचे जे धक्के बसतात, ते स्लॉटला सोसत नाहीत. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल मागून घ्यावे, कारण वॉरंटीच्या वेळी तेच विचारले जाते.

प्रश्न: माझा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर मोठे काम सुरू झाले की काही सेकंदांत ९५ अंशांवर जातो. प्रोसेसर सदोष आहे, बदलून घ्या, असे मित्र म्हणतात. कूलर एका मनोऱ्याचा आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: प्रोसेसर सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. २०२२ साली आलेल्या या मालिकेतील प्रोसेसरांची रचनाच अशी आहे की सर्व कोअर्सवर ताण आला की ते वीज व वेग वाढवत ९५ अंशांपर्यंत जातात आणि तिथे स्वतःला रोखून धरतात. मोठा कूलर लावल्यास तापमान तेच राहून वेग किंचित वाढलेला दिसू शकतो, आणि मग नवा कूलरही वाया गेला असे वाटते. पाहण्याची गोष्ट वेगळी आहे: खेळताना तापमान किती असते? ते ७० ते ८५ च्या दरम्यान असेल तर काहीही बदलू नये. नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही ७०-८० दिसत असेल, तर मात्र कूलर सैल बसला आहे, पेस्ट सुकली आहे किंवा पंखा फिरत नाही, यांपैकी काहीतरी आहे.

आकडा डोळ्यांना खटकत असेल, तर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन इको मोड (वीज वाचवणारी सेटिंग) निवडावा व त्यात ६५ वॅटचा पर्याय घ्यावा. पर्यायाचे नाव ६५ वॅटचे असले तरी त्यानंतर प्रोसेसर कमाल ८८ वॅटपर्यंत वीज घेईल, तापमान बरेच खाली येईल, आणि खेळांत फरक क्वचितच जाणवेल. मे महिन्यापुरता हा पर्याय ठेवून थंडीत पूर्ववत करण्यासही हरकत नाही.

प्रश्न: माझा मुलगा बारावीनंतरच्या सुट्टीत गेमिंगचा संगणक घेणार आहे. त्याच्या खोलीत एक टनाचा एसी आहे आणि तो २० अंशांवर चालवला की संगणक थंड ठेवायला आणखी काही लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मला मात्र पावसाळ्यात आत पाणी सुटेल अशी भीती वाटते. आमच्या घरी फ्रिजबाहेर ठेवलेल्या बाटलीला लगेच दव धरते. संगणकाचे तसे होईल का?
– एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर: आपली भीती निराधार नाही, फक्त ती वेळ कोणती हे नेमके ओळखायला हवे. चालू संगणकातील प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो, आणि स्वतःपेक्षा थंड वस्तूवरच हवेतील बाष्प द्रवरूपाने बसते. त्यामुळे एसी आणि संगणक दोन्ही चालू असताना दव धरण्याचा प्रश्न येत नाही. धोका उद्‌भवतो तो नंतर. रात्रभर २० अंशांत बंद पडून राहिलेल्या कॅबिनेटचा धातू तेवढाच थंड असतो. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली आणि बाहेर ३० अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. ती हवा २० अंशांच्या धातूला लागली की आपल्या बाटलीवर होते तेच होते. अशा वेळी लगेच संगणक सुरू करू नये. एसी बंद केल्यावर खिडक्या काही काळ मिटलेल्याच ठेवून खोली सावकाश कोमट होऊ द्यावी, आणि खिडकी उघडल्यानंतर तासभर तरी थांबावे. मुलाला एवढी एक सवय लावली की पुरे.

एसी २० वर ठेवण्याची गरजही नाही. नव्या एसींचे सुरुवातीचे तापमान २०२० पासून नियमानेच २४ अंश ठेवलेले असते, आणि २५-२६ अंशांच्या खोलीतही चांगल्या कॅबिनेटचा संगणक उत्तम चालतो. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. ४०० वॅटचा संगणक त्यातील नववा हिस्सा एकटाच वापरतो. खेळ सुरू असताना खोली थंड व्हायला वेळ लागतो, तो याच कारणाने. एसीत दोष शोधू नये.

माझी खरी काळजी दुसरीच आहे, आणि ती आपल्या पत्रात नाही. कॅबिनेट एसीच्या इनडोअर युनिटच्या थेट खाली ठेवू नका. पावसाळ्यात निचऱ्याची नळी तुंबली की युनिटमधून पाणी ठिबकते, आणि बहुतेक कॅबिनेटांचा माथा जाळीचा असतो. त्या जाळीच्या बरोबर खाली कूलर आणि ग्राफिक्स कार्ड असते.

प्रश्न: आमचे घर समुद्रापासून अगदी जवळ आहे. टीव्हीच्या मागच्या स्क्रूंनाही गंज येतो. गेमिंग संगणकाचे आयुष्य वाढवण्यासाठी काय करावे? आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर: सिलिका जेल बंद डब्यात काम करते. ज्या कॅबिनेटमधून ताशी शंभर घनमीटर हवा वाहते, तिथे त्या पुड्या थोड्याच वेळात भिजून निकामी होतात. खारी हवा स्वतःहून फारसे नुकसान करत नाही. मीठ आणि धूळ यांचा ओलसर थर बोर्डावर बसून राहिला की गंज सुरू होतो. म्हणून हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा अधिक ठेवावेत, म्हणजे आत किंचित जादा दाब राहतो आणि हवा फटींतून न शिरता फक्त गाळणीतून येते. समुद्राकडच्या खिडकीशेजारी संगणक ठेवू नये. गाळण्या पंधरवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवाव्यात. जवळ बांधकाम सुरू असेल तर आठवड्यालाच. दोन-तीन महिन्यांतून एकदा हाताच्या ब्लोअरने आतील धूळ गॅलरीत नेऊन उडवावी, आणि तसे करताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण झोताने भरधाव फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग खराब होते. पावसाळ्यात गावी जाऊन महिनाभर संगणक बंद ठेवण्यापेक्षा घरातील कोणीतरी तो आठवड्यातून दोनदा तासभर चालवलेला चांगला. आतील उबेने ओल निघून जाते.

प्रश्न: मी १००० वॅटचा एसएमपीएस घेतला आहे. त्यामुळे वीजबिल वाढेल का? शिवाय कॅबिनेटच्या धातूला अनवाणी पायाने उभे राहून हात लावला की झिणझिण्या येतात. आमची इमारत जुनी आहे. साधा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस लावला तर हे थांबेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: पहिल्या प्रश्नाची काळजी सोडून द्यावी. १००० वॅट ही एसएमपीएसची क्षमता आहे. तो वीज आतील भागांना लागेल तेवढीच घेतो.

दुसऱ्या गोष्टीकडे मात्र आजच लक्ष द्यावे. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर आपल्या २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब उभा राहतो आणि हात लावल्यावर झिणझिण्या जाणवतात. प्रवाह अल्प असतो, परंतु उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर जीव वाचवणारी तारच आपल्या घरात नाही, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्याच्या वरच्या भोकामागे तार जोडलेलीच नसते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे व मीटरपासून योग्य तार ओढून घ्यावी. नळाच्या पाइपला तार बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. बिघाडाच्या वेळी शेजाऱ्याच्या मोरीतला नळ विजेने भारला जाऊ शकतो. ही दुरुस्ती होईपर्यंत संगणक वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूपीएसने झिणझिण्या थांबणार नाहीत, कारण तोही त्याच सॉकेटवर चालणार. शिवाय ६०० व्हीएचे बरेच यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात, आणि खेळ सुरू असताना वीज गेली तर ते भार न पेलून तत्क्षणी बंद पडतात. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरे, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी जवळपास संपूर्ण शहर अंधारात गेले होते, आणि अशा क्षणी अर्धवट लिहिलेली फाइल वाचवायला दोन-तीन मिनिटे पुरतात. अर्थिंगचे काम झाल्यावर किमान ६०० वॅट देणारा, शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा) यूपीएस पाहावा. व्हीएचा आकडा खोक्याच्या दर्शनी बाजूस ठळक असतो. वॅटचा आकडा मागच्या लेबलावर बारीक अक्षरात मिळेल.